साध्या साधनांनी, नागरिकांच्या पुढाकाराने स्मार्ट शहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधी साधने आणि रहिवाशांचा पुढाकार यांच्या बळावर शहराचा कारभार कसा सुधारता येईल, याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्मार्ट शहर म्हटले की सेन्सर, कॅमेरे आणि नियंत्रण कक्षच आठवतो. साध्या साधनांनी शहर स्मार्ट होते म्हणजे नेमके काय होते?

शहरात काय घडते आहे हे वेळेवर कळावे, त्यावरून निर्णय व्हावा आणि निर्णयाचा परिणाम पुन्हा तपासला जावा, या तीन गोष्टी सातत्याने होऊ लागल्या की शहर शहाणपणाने चालले आहे असे म्हणता येते. पहिल्या गोष्टीसाठी सेन्सर उपयोगी पडतो; मात्र तेच काम वही, मोजपट्टी, पर्जन्यमापक किंवा पायी फिरून केलेली पाहणीही करू शकते. उरलेल्या दोन गोष्टी माणसांवर आणि संस्थांवर अवलंबून असतात आणि बहुतेक शहरांचे घोडे तेथेच अडते. नियंत्रण कक्षातील पडद्यावर तुंबलेले गटार दिसते, पण ते उपसायला कोण आणि कधी जाणार हे ठरलेलेच नसते. त्यामुळे साधन किती आधुनिक आहे याला आम्ही दुय्यम मानतो. केलेल्या नोंदीवर कोणी निर्णय घेतो का आणि नोंद करणाऱ्याला उत्तर मिळते का, ही आमची मुख्य कसोटी आहे.

२. हे प्रत्यक्षात कोठे झाले आहे, की नुसतीच चांगली कल्पना आहे?

झाले आहे, आणि फार पूर्वीपासून होत आले आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू नकाशावर मांडून ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती एकवटले असल्याचे दाखवले. त्यांच्या निष्कर्षाला त्याच वस्तीत काम करणारे धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांच्या चौकशीची जोड मिळाली, कारण कोणत्या घरात कोणते पाणी प्यायले जात होते हे ओळखीच्या माणसालाच मोकळेपणाने सांगितले जात असे.

१९७७ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहराने मध्यवस्तीचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाण्याची सोय बंद केली. मोटारींना बाहेरच्या वळणरस्त्याने जावे लागे. सायकलस्वार आणि पादचारी मात्र सरळ जाऊ शकत. हा निर्णय नगर प्रशासनाचा होता, पण त्यासाठी लागलेली सामग्री मुख्यतः फलक, एकदिशा मार्ग आणि अडथळे एवढीच होती. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही प्रमुख रस्ते मोटारींसाठी बंद ठेवून लोकांना चालण्यासाठी व सायकलींसाठी मोकळे केले जाऊ लागले. आज ही व्यवस्था १०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्यांवर चालते. इतर उदाहरणे पुढील उत्तरांत येतील.

३. मी एकच व्यक्ती आहे, गट नाही, पैसे नाहीत. सुरुवात कशापासून करावी?

ज्याचे उत्तर मोजता येईल आणि ज्यावर कोणीतरी निर्णय घेऊ शकेल, असा एकच प्रश्न निवडावा. ‘आमच्या भागातील वाहतूक वाईट आहे’ हे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याच्या टेबलावर टिकत नाही. ‘शाळा सुटताना रस्ता ओलांडण्यासाठी मुलांना किती वेळ थांबावे लागते’ हा प्रश्न टिकतो.

त्यासाठी घड्याळ आणि रेघा आखलेली वही पुरते. वहीत तारीख, हवामान, पदपथाच्या कडेला येऊन थांबल्याची वेळ, रस्त्यावर पाऊल टाकल्याची वेळ, सोबत किती जण होते आणि एखादे वाहन थांबले का, असे रकाने असावेत. उभे राहण्याची जागा आणि ‘थांबणे’ कशाला म्हणायचे हे पहिल्या दिवसाआधीच लिहून ठेवावे, म्हणजे मध्येच व्याख्या बदलण्याचा मोह होत नाही. शाळेचे काही दिवस आणि तुलनेसाठी सुटीचा एखादा दिवस मोजावा. जे मूल बराच वेळ थांबून रस्ता न ओलांडताच परत फिरते, त्याचीही ओळ वहीत हवी. बहुतेक मोजण्यांत हीच ओळ गळते, आणि खरे दुखणे नेमके तिच्यात असते.

मोजणी सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट शोधून काढावी: हा रस्ता नेमक्या कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतो. हे ठाऊक नसेल, तर उत्तम नोंदीही चुकीच्या कार्यालयात धूळ खात पडतात.

४. सामान्य माणसांनी केलेल्या मोजमापावर अधिकारी का विश्वास ठेवतील?

मोजमाप कोणी केले यापेक्षा ते कसे केले, यावर विश्वास बसतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात मे २०१८ मध्ये सुमारे २०,००० नागरिकांनी आपापल्या घराबाहेर नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण मोजले. साधन अगदी साधे होते: एका बाजूने उघडी प्लॅस्टिकची छोटी नळी आणि तिच्या बंद टोकाशी हा वायू शोषून घेणारे रसायन लावलेली जाळी. वीज नाही, बॅटरी नाही, पडदा नाही. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला लावलेल्या फलकावर या नळ्या महिनाभर राहिल्या आणि नंतर प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या.

आकडे बिनमहत्त्वाचे ठरवून बाजूला सारता आले नाहीत याची कारणे त्या पद्धतीतच होती. सर्वांनी एकाच पद्धतीने नळ्या लावल्या. प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन नळ्या होत्या, म्हणजे दोन्हींत मोठी तफावत आली तर शंका घेता येत होती. सरकारी केंद्रांजवळही अशाच नळ्या लावून त्यांचे आकडे अधिकृत यंत्रांशी ताडून पाहिले गेले. विद्यापीठ सुरुवातीपासून सोबत होते. छोट्या गटालाही हेच करता येते: पद्धत एका पानावर लिहावी, प्रत्येक जागी दुसऱ्या व्यक्तीकडून काही फेरमोजण्या करून घ्याव्यात आणि मूळ नोंदी कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. अडचणीचे आकडे वगळल्याचे एकदा उघड झाले, की उरलेल्या आकड्यांनाही किंमत राहत नाही.

५. मग हवेसाठी बाजारात मिळणारा स्वस्त सेन्सर घेतला तर?

घ्यावा, पण त्याच्याकडून काय अपेक्षा करायची हे आधी ठरवावे. जर्मनीतील श्टुटगार्ट शहरातून २०१५ मध्ये सुरू झालेल्या नागरिकांच्या जाळ्याने असे सेन्सर घरी जोडता येतात हे दाखवून दिले, आणि ते जाळे पुढे अनेक देशांत पसरले. सूक्ष्म धूलिकण प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे हे सेन्सर दमट हवेत चढे आकडे दाखवतात, कारण कणांवर ओलावा बसून ते फुगतात. धुक्याच्या सकाळी आकडा एकदम वाढला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये.

सेन्सर बसवण्यापूर्वी काही दिवस अधिकृत केंद्राजवळ ठेवून दोन्हींच्या आकड्यांतील फरक नोंदवावा आणि ऋतू बदलल्यावर हे पुन्हा करावे. ‘आमच्या चौकात अमुक मर्यादा ओलांडली गेली’ असे विधान अशा सेन्सरच्या एकट्याच्या जोरावर करू नये. ‘सकाळी आठ ते दहा या वेळेत येथील हवा दुपारपेक्षा वाईट असते’ हे मात्र पुरेशा नोंदींनंतर बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

६. तक्रारींसाठी मोबाइल अॅप काढावे का?

बहुतेक वेळा आमचे उत्तर ‘अजून नाही’ असे असते. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालणारे ‘फिक्समायस्ट्रीट’ हे संकेतस्थळ टिकले, कारण ते तक्रार योग्य स्थानिक संस्थेकडे पोचवते आणि तक्रार व तिची स्थिती सर्वांना दिसेल अशी ठेवते. हे पडद्यामागचे काम नसेल, तर अॅप म्हणजे केवळ सुबक तक्रारपेटी ठरते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहराने ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे अॅप वापरून पाहिले. गाडीला बसणारा धक्का फोन ओळखे आणि त्यावरून खड्डे शोधले जात. मात्र ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी, त्यांच्याच रस्त्यांवरचे खड्डे जास्त दिसणार, हे स्पष्ट होते. म्हणून शहराने ते सर्वत्र फिरणाऱ्या आपल्या तपासनिसांच्या हातीही दिले. फोनवरून सांगितलेली, कागदावर लिहिलेली आणि प्रत्यक्ष येऊन बोललेली तक्रार एकाच यादीत, एकाच क्रमाने आली पाहिजे. ही यादी आधी नीट चालवावी. तिचे अॅप नंतर कधीही करता येते. संघटित वस्त्यांचा आवाज मोठा होण्याच्या प्रश्नासाठी प्रश्न १० पाहावा.

७. आमची वस्ती नकाशावरच नीट दाखवलेली नाही. आम्ही ती दाखवू शकतो का?

होय. २००४ मध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा मुक्त नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. नैरोबीतील किबेरा ही मोठी वस्ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांवर जवळजवळ कोरी होती; २००९ मध्ये तेथील तरुणांनी पायी फिरून पाणवठे, शौचालये, दवाखाने आणि वाटा त्यावर नोंदवल्या. कागदावर छापलेला नकाशा घेऊन फिरणे आणि संध्याकाळी नोंदी संगणकावर चढवणे, ही पद्धत आजही उत्तम आहे, कारण कागदावर एकाच वेळी चार जण बोट ठेवून वाद घालू शकतात.

एक सावधगिरी मात्र अटळ आहे. ज्या वस्तीच्या जागेची मालकी वादात आहे, तेथील प्रत्येक घराचा नकाशा उघड करणे रहिवाशांच्याच अंगलट येऊ शकते. काय दाखवायचे आणि काय आपल्यापुरते ठेवायचे, हे रहिवाशांच्या बैठकीत आधी ठरावे.

८. निधी वाटण्यात नागरिकांना खरोखर निर्णय घेता येतो का?

ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची सुरुवात केली आणि तेव्हापासून जगभरातील अनेक शहरांनी ती पद्धत कमी-अधिक प्रमाणात स्वीकारली. तेथे विभागवार सभा होत, प्राधान्यक्रम ठरत आणि निधी वाटताना लोकसंख्येबरोबरच कोणत्या विभागात सोयींची वाण अधिक आहे यालाही गुण दिले जात. आमच्या मते या पद्धतीचा प्राण या गुणांतच आहे. नुसते मतदान ठेवले, तर आधीच सोयीत असलेला भाग बाकांसाठी आणि बागांसाठी निधी मिळवतो आणि ज्यांच्याकडे मलवाहिनीच नाही ते मागे पडतात.

एकूण अंदाजपत्रकाचा किती भाग सभेपुढे येतो, हे पहिल्याच सभेत विचारावे. नगण्य रकमेवर मत मागितले जात असेल, तर तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

९. ही सगळी कामे महापालिकेची आहेत. आम्ही कर भरतो आणि वर फुकट राबायचेही?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यातील राग रास्त आहे. नागरिकांच्या पुढाकाराच्या नावाखाली संस्थेने आपली जबाबदारी झटकली, तर शहर अधिक विषम होते, कारण वेळ आणि पैसा असलेल्या वस्त्या स्वतःची सोय करतात आणि बाकीच्या तशाच राहतात.

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर कराचीतील ओरंगी वस्तीत सापडते. तेथे १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रकल्पाने कामाची सरळ विभागणी केली. घरातील शौचालय, गल्लीतील मलवाहिनी आणि गल्ल्यांना जोडणारी वाहिनी ही रहिवाशांची. मोठ्या मुख्य वाहिन्या आणि सांडपाणी शुद्धीकरण ही शासनाची. वीस-तीस घरांची गल्ली हा कामाचा घटक होता. गल्लीतील लोक आपला प्रमुख निवडत, पैसे गोळा करत आणि काम करून घेत. प्रकल्पाने बांधकामासाठी पैसे दिले नाहीत. दिली ती मोजणी, आराखडा, अवजारे आणि तांत्रिक देखरेख. ठेकेदारी आणि तिच्यातील गळती वगळली गेल्यामुळे खर्च इतका खाली आला, की गरीब कुटुंबांना तो पेलला.

पुढे तेथील तरुणांनी वाहिन्यांचे आणि नैसर्गिक नाल्यांचे तपशीलवार नकाशे केले. सांडपाणी प्रत्यक्षात कोठून कोठे वाहते हे त्यातून दिसले, आणि महागड्या नव्या मुख्य वाहिन्यांऐवजी नालेच सुधारावेत ही मागणी पुराव्यानिशी करता आली. म्हणजे रहिवाशांनी आपला वाटा उचलला आणि शासनाचा वाटा कोणता हेही नेमकेपणाने मांडले.

यावरून एक व्यवहार्य रेषा आखता येते. जे आपल्या दाराशी आहे, ज्याची देखभाल आपण पाहू शकतो आणि ज्यात चूक झाली तर ती आपल्याच लक्षात येते, ते काम गटाने घ्यावे. ज्याला संपूर्ण शहराचा आराखडा, मोठी यंत्रे किंवा जिवाची जोखीम लागते, ते घेऊ नये. मलवाहिनीच्या चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नये. त्यातील विषारी वायूने माणसे दगावतात. आणि घेतलेल्या प्रत्येक कामासोबत संस्थेने काय करायचे याची लेखी मागणी जोडावी.

१०. अशा उपक्रमांत त्याच त्या चार सुशिक्षित, मोकळा वेळ असलेल्या लोकांचा आवाज चालतो. हे कसे टाळायचे?

पूर्णपणे टळत नाही. कमी करता येते. तक्रारींची संख्या म्हणजे गरजेचे माप, असे कधीही धरू नये. ज्या भागातून एकही तक्रार आलेली नाही, तेथे सर्व काही ठीक असेल किंवा लोकांनी आशा सोडलेली असेल. कोणते खरे हे तेथे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून तक्रारींच्या यादीबरोबर सर्व भागांची ठरावीक अंतराने होणारी पाहणीही हवी.

पाहणीला कोण जाते, यावर काय दिसते हे ठरते. टोरंटोमध्ये १९८९ च्या सुमारास स्त्रियांच्या सुरक्षेसाठी विकसित झालेली पाहणीची पद्धत याचे चांगले उदाहरण आहे. स्त्रियांचा छोटा गट अंधार पडल्यावर प्रश्नावली घेऊन ठरावीक मार्गाने चालतो आणि दिवे कोठे आहेत, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल, निसटायला वाट आहे का, याची नोंद करतो. तोच रस्ता दुपारी अभियंत्याने पाहिला तर यांतील एकही गोष्ट दिसणार नाही. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांना, पहाटे कामाला निघणाऱ्यांना आणि शाळकरी मुलांना सोबत घेऊन केलेल्या पाहण्याही अशाच वेगवेगळ्या निघतात. बैठकीची वेळ आणि जागा रोजंदारीवरच्या माणसाला जमेल अशी असावी, आणि ज्याची मजुरी बुडणार आहे त्याला भरपाई द्यावी. ही भरपाई उपक्रमाच्या खर्चातच धरावी.

११. महापालिका काही करत नाही. आम्हीच रात्रीतून रस्त्यावर गतिरोधक बांधला किंवा पट्टे रंगवले तर?

गतिरोधक आणि पादचारी पट्टे यांना हात लावू नका. चुकीच्या उंचीचा, न रंगवलेला गतिरोधक दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो. घरी रंगवलेल्या पट्ट्यांवर पादचारी विसंबतो आणि चालक थांबत नाही, तेव्हा तो रस्ता आधीपेक्षा धोकादायक झालेला असतो. अपघात झाल्यास कायदेशीर जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते.

अनधिकृत कृतींतून चांगले बदल झाल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी आपल्या गल्लीतील फरसबंदी स्वतःच बदलून मोटारींना वळणे घ्यायला भाग पाडले, आणि १९७६ मध्ये अशा रहिवासी रस्त्यांना देशाच्या कायद्यात स्थान मिळाले. तरीही आमचा कल तात्पुरत्या, परवानगीने केलेल्या आणि सहज उचलून नेता येणाऱ्या प्रयोगांकडे आहे. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका गटाने पार्किंगच्या एका जागेचे शुल्क रीतसर भरले आणि तेवढ्या वेळापुरती तेथे हिरवळ, बाक आणि झाड ठेवले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये प्रशासनाने रस्त्याचा भाग बंद करून आधी साध्या घडीच्या खुर्च्याच मांडल्या. कायमचे बांधकाम नंतर झाले. अशा प्रयोगाआधी, प्रयोगाच्या काळात आणि नंतर प्रश्न ३ मधील पद्धतीने मोजणी करावी. मोजणी नसेल तर प्रयोगाबद्दल प्रत्येक जण आपले पूर्वीचेच मत पुन्हा सांगतो.

१२. नागरिकांनी माहिती गोळा करणे म्हणजे शेजाऱ्यावर पाळत ठेवणेच नाही का?

तसे होऊ शकते, म्हणून मर्यादा आधीच ठरवावी. टोरंटोच्या किनाऱ्यावर २०१७ मध्ये जाहीर झालेला आणि सेन्सरवर आधारलेला मोठा नगरप्रकल्प २०२० मध्ये सोडून देण्यात आला. तो उभारणाऱ्या कंपनीने आर्थिक अनिश्चितता हे कारण दिले. त्याआधी दीर्घकाळ, सार्वजनिक जागेत गोळा होणारी माहिती कोणाच्या मालकीची, या प्रश्नावर तीव्र वाद झाला होता. हाच प्रश्न वस्तीतील गटालाही लागू होतो.

नोंद ठिकाणाची करावी, माणसाची नको. कचऱ्याच्या ढिगाचे छायाचित्र चालेल, तो टाकणाऱ्याचे नको. वाहने मोजावीत, क्रमांक लिहू नयेत. दंड करणे आणि दोषी ठरवणे ही ज्यांच्यावर कायद्याने सोपवलेली कामे आहेत त्यांनीच ती करावीत. फेरीवाले, कचरावेचक आणि बेघर यांच्याविरुद्धच्या तक्रारी ‘नागरी माहिती’ म्हणून गोळा करण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

१३. साधी साधने कोठे अपुरी पडतात?

पिण्याच्या पाण्यातील जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. जमिनीखालील गळती, सिग्नलचा मेळ आणि पुराचा अंदाज यांना यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात. तरीही दोन्हींची सांगड चांगली बसते. १९९७ मध्ये अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स येथे आलेल्या पुरात थोड्याच अंतरावर पावसात प्रचंड तफावत होती आणि अधिकृत केंद्रे विरळ असल्यामुळे ती वेळेवर लक्षात आली नाही. पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. प्रत्येकाकडे चार इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आणि रोज ठरलेल्या वेळी नोंद करण्याची शिस्त. या नोंदी हवामानशास्त्रज्ञ आजही वापरतात. शून्य पावसाची नोंदही तेथे तितकीच आवश्यक मानली जाते, कारण तिच्याविना ‘पाऊस नव्हता’ आणि ‘कोणी पाहिले नाही’ यांत फरक करता येत नाही.

१४. आम्ही नीट मोजले, लेखी दिले, तरी काहीच झाले नाही. आता?

आकडे आपोआप निर्णय घडवत नाहीत. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. हे आकडे सरकारला ठाऊकच होते. बदलाला वेग आला तो पालकांनी मुलांच्या मृत्यूंविरुद्ध रस्त्यावर येऊन चळवळ उभी केल्यानंतर. तुमच्या नोंदी चळवळीला, पत्रकाराला, निवडून आलेल्या प्रतिनिधीला आणि गरज पडल्यास न्यायालयाला उपयोगी पडतील अशा ठेवाव्यात. मागणी एकच आणि तारखेसह असावी, उत्तर लेखी मागावे आणि ‘उत्तर नाही’ हीदेखील तारखेसह नोंद सर्वांना दिसेल अशी लावावी.

१५. आकडे आमच्याच म्हणण्याविरुद्ध आले तर ते प्रसिद्ध करावेत का?

करावेत. वाहने वेगाने जातात अशी तक्रार होती आणि मोजणीत वेग मर्यादेतच निघाला, तर कदाचित खरा त्रास आवाजाचा, अंधाराचा किंवा ओलांडण्याच्या चुकीच्या जागेचा असेल. तो शोधण्याची ही संधी आहे. आपल्याविरुद्धचे आकडे मांडणाऱ्या गटाचे पुढचे आकडे अधिक गांभीर्याने घेतले जातात, हा याचा व्यावहारिक फायदा आहे (प्रश्न ४ पाहावा).

१६. उपक्रम दोन-तीन माणसांवर चालतो आणि ती थकली आहेत. काय करावे?

आधी काम कमी करावे. रोजची नोंद आठवड्याला आणावी, दहा जागांऐवजी तीन ठेवाव्यात; पद्धत तीच ठेवून वारंवारता घटवली तर जुन्या नोंदींशी तुलना शिल्लक राहते. पद्धत, संकेतशब्द, संबंधित कार्यालयांचे पत्ते आणि मूळ वह्या एकाहून अधिक व्यक्तींकडे असाव्यात. नवा माणूस एका दिवसात शिकू शकणार नाही इतके काम अवघड झाले असेल, तर ते सोपे करण्याची वेळ आली आहे.

बंद करणे हाही प्रामाणिक पर्याय आहे. मूळ प्रश्न सुटला असेल, संस्थेने ती मोजणी स्वतःकडे घेतली असेल किंवा नोंदी कोणीच वापरत नसेल, तर उपक्रम थांबवावा. थांबवताना शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि मूळ नोंदी कोठे ठेवल्या आहेत हे जाहीर करावे, म्हणजे पुढे कोणाला पुन्हा सुरुवात करायची असेल तर ती शून्यापासून करावी लागणार नाही.